रिकाम्या बाटलीचा ललाटलेख

मुंबईहून निघालेली लांब पल्ल्याची गाडी भुसावळच्या फलाटावर थांबते. पाण्याच्या बाटल्या, चहाचे पेले, वेफर्सचे पुडे हातोहात डब्यांत जातात. काही मिनिटांनी गाडी हलते आणि मागल्या मुक्कामांवर घेतलेल्या अशाच वस्तूंचा रिकामा उरलेला पसारा फलाटाच्या टोकाला आणि रुळांच्या कडेला पडून राहतो. गाडी दृष्टीआड झाल्यावर खांद्यावर गोणी टाकलेला एक मनुष्य तेथे येतो. तो पाण्याची बाटली उचलतो, तळाशी राहिलेले पाणी ओततो, पायाखाली दाबून ती चपटी करतो आणि गोणीत टाकतो. तिच्याच शेजारी वेफर्सचा चकचकीत पुडा पडलेला असतो, जेवणाचा काळा प्लॅस्टिकचा डबा असतो, सुपारीच्या आणि शाम्पूच्या फाडलेल्या पुड्या असतात. त्यांच्याकडे तो पाहतही नाही. हे दृश्य एकट्या भुसावळचे नव्हे. इटारसी, नागपूर, बडोदे, सिकंदराबाद, कोणत्याही मोठ्या स्थानकावर ते पाहावयास मिळते.

बाटली प्लॅस्टिकची आणि पुडाही प्लॅस्टिकचाच. मग एकीस हात लागावा आणि दुसऱ्यास लागू नये, असे का? त्या मनुष्याने रसायनशास्त्राचे पुस्तक उघडलेले नसेल. परंतु संध्याकाळी भंगारवाल्याच्या काट्यावर आपल्या गोणीचे काय होणार, याचे ज्ञान त्यास पुरेपूर असते. एक लिटरच्या सुमारे पन्नास रिकाम्या बाटल्या जमल्या, की किलोभर माल होतो आणि त्यास गिऱ्हाईक असते. शाम्पूच्या पुड्या शेकड्यांनी वेचल्या, तरी कोठे किलो भरेल. आणि भरला, तरी त्यास घेणारा कोणी नाही. अर्थात त्याने कोणती वस्तू उचलली आणि कोणती टाकली, हा त्याचा लहरी निर्णय नव्हे. तो निर्णय त्याच्या आधी कोणीतरी, कोठेतरी, दूरच्या एका कचेरीत कागदावर रेघा ओढताना घेतलेला असतो. कचऱ्याचा विषय निघाला, की दोष सामान्यतः नागरिकाच्या बेशिस्तीस दिला जातो. तो खोटा नाही. परंतु अर्धाच खरा आहे. बाटली जेथे टाकावयाची तेथेच टाकली, पुडाही तेथेच टाकला, तरी पुढे दोघांच्या वाटा भिन्नच होतात.

आपल्याकडे अशी समजूत आहे, की मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर त्याचे भविष्य लिहून जाते. मनुष्याच्या बाबतीत ही समजूत खरी मानावी किंवा न मानावी. वेष्टनाच्या बाबतीत मात्र ती अक्षरशः खरी आहे. बाटली कोणत्या द्रव्याची, तिचा रंग कोणता, झाकण कशाचे, लेबल कोणत्या डिंकाने चिकटवावयाचे, हे ठरले, की तिच्या कपाळीचा लेख लिहून झाला. ती पुन्हा बाटली होणार, की गालिच्याचा धागा होणार, की उकिरड्यावर वर्षानुवर्षे पडून राहणार, हे त्या क्षणीच निश्चित होते. पुढे नगरपालिका आणि कारखाने जी खटपट करतात, ती त्या लेखाच्या मर्यादेतच.

पूर्वीच्या वस्तूंकडे या दृष्टीने पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. पळसाच्या पानांची पत्रावळ घ्या. पाने झाडाची आणि ती टाचणाऱ्या चोयाही झाडाच्याच. जेवण आटोपल्यावर पत्रावळ उकिरड्यावर गेली, की पानांबरोबर टाकेही कुजून खत होत. पानांना जोडणारी वस्तू पानांच्याच जातीची होती, म्हणून खताच्या खड्ड्यात निवडानिवड करावी लागली नाही. तांब्याचा हंडा चेपला, फुटला, तरी तो मोडीत देता येई. कारण तो वितळवला, की पुन्हा तांबेच हाती येई. नांगराचे लाकूड आणि लोखंड या दोन वस्तू मात्र परस्परांहून अगदी निराळ्या. तरीही फाळ झिजला, की तो काढून घेता येत असे, आणि लाकूड निकामी झाले, तर ते चुलीत जाई. या तीन वस्तूंत मिळून सारा नियम सामावलेला आहे. वस्तू एकाच द्रव्याची असावी. निरनिराळ्या द्रव्यांची असेल, तर ती द्रव्ये सहज विलग व्हावीत. आणि जोडणारा टाका जोडलेल्या वस्तूचा वैरी नसावा. आजचे वेष्टनशास्त्र पुष्कळ परिश्रमाने हाच धडा नव्याने गिरवीत आहे.

फलाटावर सापडलेल्या त्या बाटलीचाच इतिहास पाहावा. ती ज्या द्रव्याची होते त्याचे नाव पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट. व्यवहारात त्यास आद्याक्षरांवरून ‘पेट’ म्हणतात. इंग्लंडातील व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनज्ञांनी १९४१ साली त्याचा शोध लावला, तो कापडासाठी. टेरिलीन या नावाने ज्याचे सदरे पुढे घरोघर आले, तेच हे द्रव्य. त्याची बाटली करण्याचे श्रेय अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीचे अभियंते नॅथॅनिएल वायेथ यांस जाते. ते विख्यात चित्रकार अँड्र्यू वायेथ यांचे बंधू. वायुयुक्त पेय प्लॅस्टिकच्या बाटलीत का भरत नाहीत, असा प्रश्न त्यांस पडला. साबणाच्या एका प्लॅस्टिकच्या बाटलीत त्यांनी आल्याचे पेय भरून ती रात्रभर शीतकपाटात ठेवली. सकाळी ती टम्म फुगलेली आढळली. त्या दाबास टिकेल अशी बाटली करावयाची, तर प्लॅस्टिक दोन्ही दिशांनी ताणून त्याचे रेणू ओळीत बसवले पाहिजेत, हे त्यांनी अनेक प्रयोगांनंतर सिद्ध केले. १९७३ साली त्यांस या बाटलीचे पेटंट मिळाले. काचेहून कितीतरी हलकी, न फुटणारी आणि काचेसारखीच पारदर्शक अशी ही बाटली पाहता पाहता जगभर पसरली.

परंतु आरंभीच्या मोठ्या बाटल्यांत एक अडचण होती. दाब सोसावा म्हणून त्यांचा तळ गोल ठेवावा लागे, आणि गोल तळाची बाटली उभी राहीना. म्हणून तिच्या बुडाशी दुसऱ्या प्लॅस्टिकची एक वाटी डिंकाने चिकटवीत. ही वाटी पॉलिएथिलीनची आणि बहुधा रंगीत असे. ग्राहकास तिचा काही उपद्रव नव्हता. परंतु बाटली परत कारखान्यात आली, की दोन प्लॅस्टिके आणि वर डिंक, अशी तिहेरी गुंतागुंत उभी राही. पुढे तळालाच फुलाच्या पाकळ्यांसारखे पाच पाय काढण्याची युक्ती सापडली. बाटली स्वतःच्या पायांवर उभी राहिली आणि वाटी गेली. आज कोणत्याही शीतपेयाची बाटली उलटी केली, तर त्या पाकळ्या दिसतात. एका आकृतीच्या बदलाने एक द्रव्य, एक डिंक आणि कारखान्यातील एक खटाटोप कायमचा वाचला. आराखड्यात केवढे सामर्थ्य असते, याचे याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

गोणीतून निघालेल्या बाटलीचे पुढे काय होते, हे समजल्यावाचून या शास्त्राचे मर्म कळावयाचे नाही. भंगारवाल्याकडून मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि तेथून कारखान्यात, असा तिचा प्रवास होतो. कारखान्यात निवडलेल्या बाटल्यांचा यंत्राने चुरा करतात. बोटाच्या नखाएवढे तुकडे होतात. ते तुकडे कॉस्टिक सोडा मिसळलेल्या गरम पाण्यात धुतात आणि नंतर पाण्याच्या मोठ्या हौदात सोडतात. येथे निसर्ग मनुष्याच्या मदतीस येतो. ‘पेट’ पाण्याहून जड. पाण्याची घनता एक धरली, तर त्याची सुमारे १.३८. म्हणून त्याचे तुकडे बुडतात. झाकण बहुधा पॉलिएथिलीनचे वा पॉलिप्रॉपिलीनचे. त्यांची घनता ०.९० ते ०.९६ च्या दरम्यान, म्हणून त्यांचे तुकडे तरंगतात. तांदूळ पाण्यात घातल्यावर फोलपट वर येते, तद्वतच हे. झाकण कोणी हाताने काढले नाही, तरी चालते. पाणीच ते वेगळे करून देते. परंतु झाकणाचे द्रव्य हलके निवडले असेल, तरच. झाकण ॲल्युमिनियमचे केले, की ते ‘पेट’बरोबर तळ गाठते आणि ते वेगळे करण्यास निराळी यंत्रे लागतात.

झाकणाचे जे, तेच लेबलाचे. तरंगणाऱ्या पातळ प्लॅस्टिकचे, थोड्याशा आणि गरम पाण्यात सुटणाऱ्या डिंकाने लावलेले लेबल हौदात आपोआप अलग होते. तेच लेबल हट्टी डिंकाने सर्व अंगभर चिकटवले, तर तो डिंक तुकड्यांवर राहतो, आणि पुढे उष्णतेने करपून सारे द्रव्य पिवळट करतो. कागदी लेबल भिजून त्याचा लगदा होतो आणि त्याचे तंतू पाण्यात व मालात मिसळतात. अलीकडे बाटलीस गळ्यापासून तळापर्यंत रंगीबेरंगी आवरण आवळून बसवण्याची पद्धत रूढ झाली आहे. दुकानाच्या फळीवर ते फार आकर्षक दिसते. परंतु त्यामुळे निवडणाऱ्या डोळ्यास वा यंत्रास आतील बाटली कशाची आहे, हेच दिसत नाही. आणि आवरण ‘पेट’सारख्याच जड प्लॅस्टिकचे असेल, तर पाण्याचा हौदही त्यापुढे हात टेकतो.

या सर्वांत घातक शेजारी म्हणजे पी. व्ही. सी. दिसावयास ते ‘पेट’सारखेच नितळ असू शकते. घनताही जवळपास तितकीच, म्हणून हौदात दोघे जोडीने बुडतात. परंतु ‘पेट’ वितळण्यास अडीचशे अंशांहून अधिक उष्णता लागते, आणि तेवढ्या उष्णतेत पी. व्ही. सी. तग धरीत नाही. ते जळू लागते, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचे वायू निघतात आणि साऱ्या घाण्यात काळपट ठिपके पडतात. दुधात मिठाचा खडा पडावा, त्यातलाच हा प्रकार. खडा लहान असतो, पण नासते ते सगळे दूध. हजारो चांगल्या बाटल्या वेचणारांचे, निवडणारांचे आणि धुणारांचे श्रम एखाद्या बाटलीवर बसवलेल्या चुकीच्या आवरणाने मातीमोल होऊ शकतात.

आता रंगाकडे वळावे. नितळ प्लॅस्टिकास पुढे कोणताही रंग देता येतो. एकदा दिलेला रंग मात्र काढता येत नाही. हिरव्या बाटलीपासून हिरवीच वस्तू होणार, आणि हिरव्या-निळ्या-तपकिरी बाटल्या एकत्र वितळवल्या, तर कोणासही नको असा मळकट रंग तयार होणार. म्हणून भंगाराच्या बाजारात पांढऱ्या नितळ बाटलीस जो भाव असतो तो रंगीत बाटलीस नसतो. जपानने ही गोष्ट लवकर ओळखली. तेथील उत्पादकांनी आपल्या स्वतःच्या मार्गदर्शक नियमांत २००१ साली पेयांच्या रंगीत ‘पेट’ बाटल्या बंद करण्याचे ठरवले. तेथे लेबलांवर ओळीने बारीक छिद्रे पाडलेली असतात, जेणेकरून गृहिणीने बोटाने ओढताच लेबल निघावे. बाटली रिकामी झाल्यावर तेथील कुटुंबे झाकण आणि लेबल काढून ती वेगळी ठेवतात. जपानात ‘पेट’ बाटल्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक बाटल्या पुनर्प्रक्रियेस जातात, याचे श्रेय तेथील शिस्तीस दिले जाते. ते योग्यच आहे. परंतु ती शिस्त पाळता येईल अशी बाटली त्या शिस्तीच्या हाती दिलेली होती, हेही विसरता कामा नये. दक्षिण कोरियाने २०१९ च्या डिसेंबरपासून पाण्याच्या आणि शीतपेयांच्या रंगीत बाटल्यांस कायद्यानेच मनाई केली. ‘स्प्राइट’ या पेयाची हिरवी बाटली अमेरिकेत साठ वर्षांची ओळख होती. २०२२ साली उत्पादकांनी तीही सोडून पारदर्शक बाटली स्वीकारली. हिरव्या रंगाने पेयाच्या चवीत तिळमात्र भर पडत नव्हती. परंतु बाटलीचा पुनर्जन्म मात्र गालिच्यापुरता वा कपड्यापुरता मर्यादित होत होता.

काळा रंग तर याहून अवघड. मोठ्या कारखान्यांत आता प्लॅस्टिकाची निवड यंत्रे करतात. ही यंत्रे वस्तूवर अवरक्त किरण टाकतात आणि परत आलेल्या किरणांवरून वस्तूचे द्रव्य ओळखतात. काळ्या प्लॅस्टिकात बहुधा काजळीचे बारीक कण रंगासाठी घातलेले असतात, आणि काजळी ते किरण गिळून टाकते. यंत्राच्या दृष्टीने ती वस्तू तेथे नसतेच. फलाटावरच्या त्या काळ्या डब्याची गत ही अशी. अन्न उठून दिसावे म्हणून त्यास काळा रंग दिला, आणि त्याच रंगाने तो पुढे अदृश्य झाला.

भारतात निवडीचे बरेचसे काम आजही यंत्र करीत नाही, मनुष्य करतो. मुंबईच्या धारावीत काय, दिल्लीच्या भंगारवस्त्यांत काय, निवडणारी अनुभवी माणसे वस्तूचा स्पर्श, चुरगळल्यावर होणारा आवाज आणि लवचीकपणा यांवरून तिची जात सांगतात. एवढ्याने उलगडा झाला नाही, म्हणजे तुकड्याचे टोक पेटवून त्याच्या धुराचा वास घेतात. पी. व्ही. सी. च्या धुरात आम्ल असते, हे वर आलेच आहे. म्हणजे वस्तूवर तिच्या द्रव्याची खूण स्पष्ट नसेल, तर ती खूण शोधण्याची किंमत कोणाच्या तरी छातीस मोजावी लागते. १९८८ साली अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाने त्रिकोणातील अंकांची पद्धत सुरू केली, ती या ओळखीसाठीच. १ म्हणजे ‘पेट’, २ म्हणजे घन पॉलिएथिलीन, ३ म्हणजे पी. व्ही. सी., असे करीत शेवटी ७ म्हणजे ‘इतर’. पुष्कळ लोक तो त्रिकोण पाहून वस्तूवर पुनर्प्रक्रिया होतेच, असे समजतात. तसा त्याचा अर्थ नाही. तो अंक केवळ जातीचा दाखला आहे, सद्गतीचा नव्हे. आणि सातव्या अंकाच्या वाट्याला तर बहुधा उकिरडाच येतो.

वेफर्सच्या पुड्याचा आणि शाम्पूच्या पुडीचा प्रश्न येथून सुरू होतो. वरवर पाहता ती एक पातळ चकती असते. वस्तुतः ते अनेक थर एकमेकांवर चिकटवून केलेले असतात. शाम्पूच्या पुडीत पुष्कळदा बाहेर छपाईसाठी आणि बळकटीसाठी पॉलिएस्टर, मध्ये हवा, ओल आणि उजेड अडवण्यासाठी ॲल्युमिनियम, आणि आत उष्णतेने कडा चिकटाव्यात म्हणून पॉलिएथिलीन, अशी रचना असते. वेफर्सच्या पुड्यात आतून धातूचा मुलामा असतो, तो केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनही पातळ. प्रत्येक थर आपापले काम चोख करतो. एकत्र आल्यावर मात्र ते पुन्हा वेगळे होत नाहीत, आणि वेगळे न होता वितळवले, तर कोणत्याच कामाचे राहत नाहीत.

येथे आराखडा करणारावर अन्याय होता कामा नये. त्याने हे थर हौसेने रचलेले नाहीत. त्या पुडीमुळे तेलाचा खवटपणा टळला, दुधाची भुकटी पावसाळ्यात टिकली, आणि ज्याच्या खिशात एकच रुपया आहे त्यासही शाम्पू विकत घेता आला. दक्षिणेतून १९८० च्या दशकात पसरलेल्या त्या लहानशा पुडीने भारतातील खेड्यापाड्यांचा बाजार बदलून टाकला, हे कोणी नाकारणार नाही. वेष्टन वाईट म्हणून आतील अन्न नासले, तर तो तोटा पुष्कळदा वेष्टनाच्या कचऱ्याहून मोठा असतो, कारण अन्न पिकवण्यास पाणी, खत आणि घाम लागलेला असतो. म्हणून ‘थर काढून टाका’ एवढे सांगून भागत नाही. खरा प्रश्न हा, की तेच संरक्षण एकाच जातीच्या द्रव्यातून साधेल काय?

ते साधण्याजोगे आहे, याचा एक चांगला पुरावा रोज सकाळी घरोघर हातात येणाऱ्या वस्तूने दिला आहे. दंतमंजनाची नळी एके काळी धातूची असे. नंतर ती प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम यांच्या थरांची झाली. हलकी झाली, तडकेनाशी झाली, आणि पुनर्प्रक्रियेच्या दृष्टीने निरुपयोगी झाली. कोलगेट कंपनीच्या तंत्रज्ञांनी ती पूर्णपणे पॉलिएथिलीनची करावयाचे ठरवले. अडचण अशी, की बाटल्यांसाठी वापरले जाणारे घन पॉलिएथिलीन ताठ असते, आणि नळी तर बोटाने दाबता आली पाहिजे. त्यांनी त्याच द्रव्याच्या निरनिराळ्या प्रतींचे आणि निरनिराळ्या जाडीचे थर एकत्र रचले. थर अनेक, पण जात एक. ती नळी २०१९ साली बाजारात आली. कंपनीने हे तंत्र गुप्त न ठेवता प्रतिस्पर्ध्यांसही खुले केले, हे विशेष. त्यामागचे कारण उघड आहे. एकाच कंपनीची नळी पुनर्प्रक्रियेस योग्य आणि बाकीच्यांची नाही, असे झाले, तर कारखानदार कोणतीच नळी घेणार नाही. कारण ढिगात त्या सारख्याच दिसतात. या क्षेत्रात एकट्याचे पुण्य उपयोगी पडत नाही. पंक्तीतल्या सर्वांनी नियम पाळला, तरच त्याचे फळ मिळते.

म्हणूनच हा प्रश्न शेवटी कायद्याच्या दारात येतो. बाटलीस आकर्षक आवरण घालून विक्री वाढली, तर लाभ उत्पादकास होतो. त्याच आवरणाने माल नासला, तर तोटा होतो तो भंगारवाल्यास, कारखानदारास आणि त्याहून अधिक गोणीवाल्यास. ज्या बैठकीत रंग आणि डिंक ठरतो तिच्यात या तिघांपैकी कोणीच बसलेला नसतो. लाभ एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा, अशी वाटणी असेल, तेथे केवळ सद्बुद्धीवर विसंबून चालत नाही. भारतात २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकाची जबाबदारी वस्तू विकल्यानंतरही चालू राहते, हे तत्त्व स्पष्ट केले. २०२२ च्या फेब्रुवारीत निघालेल्या मार्गदर्शक सूचनांनी वेष्टनांचे वर्ग पाडले. कडक वेष्टने एका वर्गात, लवचीक वेष्टने दुसऱ्यात, आणि ज्यात प्लॅस्टिकाखेरीज दुसऱ्या द्रव्याचा थर आहे ती वेष्टने तिसऱ्यात. कडक वेष्टनांत पुनर्प्रक्रिया केलेले प्लॅस्टिक २०२५-२६ पासून ३० टक्के वापरावे आणि २०२८-२९ पर्यंत हे प्रमाण ६० टक्क्यांवर न्यावे, असे त्या सूचनांनी ठरवून दिले. या तरतुदीचा एक परिणाम महत्त्वाचा आहे. उद्या स्वतःच्याच बाटलीसाठी जुने प्लॅस्टिक लागणार असेल, तर आजची बाटली मळकट करणे उत्पादकास परवडणार नाही. युरोपातही २०२४ च्या जुलैपासून तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या प्लॅस्टिक बाटल्यांचे झाकण बाटलीशी जोडलेलेच असावे, असा दंडक आहे. आणि २०२५ साली अंमलात आलेल्या वेष्टनविषयक नियमाने २०३० पर्यंत सर्व वेष्टने पुनर्प्रक्रियेस योग्य करण्याचे उद्दिष्ट समोर ठेवले आहे.

कायद्याने अंक ठरतात. परंतु अंकांमागील माणसे पाहावयाची, तर पुण्याकडे पाहावे. तेथे १९९३ साली कचरावेचकांची एक संघटना उभी राहिली. तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. या नावात कागद आहे, काच आहे, पत्रा आहे, प्लॅस्टिक नाही. वेचणाऱ्या स्त्रियांची मिळकत ज्यांवर चाले, त्या वस्तू नावात आल्या. तिन्ही वस्तू अशा, की ज्या वितळवून वा कुटून पुन्हा स्वतःच्याच रूपात येतात. त्यानंतरच्या तीस वर्षांत बाजारातील कागद, काच आणि पत्रा यांची जागा मोठ्या प्रमाणावर प्लॅस्टिकाने घेतली. काचेच्या बरणीऐवजी पुडी आली, पत्र्याच्या डब्याऐवजी पिशवी आली. या बदलात ग्राहकाची सोय झाली, दुकानदाराचे ओझे हलके झाले. परंतु ज्या स्त्रीच्या टोपलीत पूर्वी दहांपैकी सात वस्तू विकाऊ असतील, तिच्या टोपलीत आता त्यांची संख्या घटली, तर तिने तेवढ्याच मजुरीसाठी अधिक उकिरडे उपसावयाचे काय? वेष्टन बदलण्याचा निर्णय झाला, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नाही. त्या स्त्रियांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ साली पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली, आणि वेचणाऱ्या हातांस नागरिकांच्या दारात मानाने उभे राहता आले. तरीही दारातून मिळालेल्या कचऱ्यात विकण्याजोगे काय निघावे, हे त्या दारावर ठरत नाही. ते कारखान्याच्या आराखड्यातच ठरते.

याचा अर्थ असा नव्हे, की आराखडा सुधारला म्हणजे सारे प्रश्न मिटले. उत्तम रीतीने घडवलेली बाटलीही नाल्यात पडली, तर नालाच तुंबवणार. प्लॅस्टिक पुन्हा पुन्हा वितळवताना त्याची प्रत थोडी थोडी उतरते, त्यामुळे हे चक्र अखंड फिरणारे नव्हे. सर्वांत चांगले वेष्टन ते, की ज्याची गरजच पडत नाही. त्यानंतर ते, की जे रिकामे होऊन पुन्हा भरले जाते. गोटी सोड्याची काचेची बाटली पिऊन झाल्यावर दुकानदाराच्या हाती परत देण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हे निराळे सांगावयास नको. परंतु जेथे प्लॅस्टिकच लागणार, आणि ते पुष्कळ ठिकाणी लागणारच, तेथे तरी त्याच्या शेवटाचा विचार आरंभी झाला पाहिजे.

तो विचार फारसा गहन नाही. बाटली नितळ ठेवावी. झाकण तरंगणारे, लेबल सुटणारे, डिंक थोडा असावा. थर एकाच जातीचे असावेत. द्रव्याची खूण डोळ्यास दिसेल अशी असावी. आराखडा करणाराच्या मेजावर या चार-पाच गोष्टी लिहून ठेवता येतील. परंतु त्या लिहिण्याआधी त्याने एकदा कारखान्याच्या हौदाशी उभे राहावे, आणि जमल्यास एखाद्या मोठ्या स्थानकावर गाडी सुटल्यानंतर पंधरा मिनिटे थांबावे. आजवर त्याने आपली वस्तू पहिल्या हाताच्या दृष्टीने पाहिली. दुकानाच्या फळीकडे जाणारा, पैसे मोजणारा तो हात. ज्या हाताशी त्या वस्तूचा प्रवास संपतो किंवा नव्याने सुरू होतो, तो हात त्याने पाहिलेला नाही.

गाडी गेली आहे, फलाट रिकामा झाला आहे. गोणीवाला वाकतो, बाटली उचलतो आणि पुड्याकडे पाठ फिरवून पुढे जातो. पुड्याच्या कपाळी काय लिहिले आहे, ते त्याने केव्हाच वाचलेले असते. लिहिणाराने ते एकदा वाचून पाहावे.